परदेशी घर घेण्यापूर्वी
(संघाच्या सोलापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविले. कायद्याचा मी पंडित नव्हे. माझे स्वतःचे शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेच. तथापि घरात उद्भवलेल्या एका प्रसंगामुळे मला या वयात पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. आपल्या अनेक घरांतील मुले आज परदेशी आहेत. म्हणून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवितो.

माझा धाकटा मुलगा दुबईस नोकरीला आहे. त्याने तेथे एक सदनिका पसंत केली आणि माझ्या निवृत्तीच्या रकमेतील काही भाग मागितला. खरेदीच्या कागदावर वडिलांचेही नाव असावे, ही त्याची इच्छा. मध्यस्थ म्हणाला, "रोख इकडे द्या, दुबईत पोहोचती होईल." मी जवळजवळ तयार झालो होतो. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "मोहोळकडची दोन एकर घेताना सहा महिने कागद तपासलेत, येथे एकही कागद कसा मागत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. गावाजवळची जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, तीस वर्षांचा शोध घेतो. अंतर वाढेल तशी चौकशी वाढावयास हवी. आपण नेमके उलट वागतो.

मी बँकेत गेलो, सनदी लेखापालांस भेटलो. पहिला कायदा आपल्या देशाचा. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने २००४ साली सुरू केलेल्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते, आणि तीतून घरही घेता येते. मात्र ती बँकेमार्फतच, पॅन क्रमांक देऊन व 'ए-२' अर्ज भरून पाठवावी लागते. ठरावीक मर्यादेपलीकडे बँक आगाऊ कर घेते. तो विवरणपत्रात वजा मिळतो. मध्यस्थाने सुचविलेला मार्ग म्हणजे शुद्ध हवाला. त्याबद्दल रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

नावाचीही गोष्ट साधी नव्हती. परदेशी घराच्या कागदावर माझे नाव लागताच दरवर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ती मालमत्ता दाखविणे मला बंधनकारक. निवृत्तिवेतनधारकांचे नेहमीचे 'सहज' विवरणपत्र मग चालत नाही. माहिती दडविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

दुसरा कायदा तिकडचा. दुबईत परकीयांस सर्वत्र पूर्ण मालकी मिळत नाही. ठरवून दिलेल्या भागांतच मिळते. मालकीची नोंद तेथील भूमी विभागाकडे होते व नोंदणीशुल्क किमतीच्या ४ टक्के असते. इमारत अपुरी असल्यास २००७ च्या तेथील कायद्याप्रमाणे ग्राहकाचे हप्ते त्या प्रकल्पाच्या राखीव खात्यात जमा व्हावयास हवेत. सबब खात्याचे नाव न पाहता धनादेश देऊ नये.

कोणी म्हणेल, पैसा पांढरा, नोंद पक्की. मग चिंता कसली? याचे उत्तर लंडनमधील एका घराने दिले आहे. १०, किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाखांहून अधिक पौंड देऊन ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. मालकीविषयी वाद नव्हता. परंतु निवासी घराचे संग्रहालय करावयास तेथील कॅम्डन नगरपरिषदेची परवानगी लागते, आणि ती २०१८ मध्ये नाकारली गेली. अपील झाले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि २०२० साली ब्रिटिश मंत्र्यांनी अनुमती दिली. जेथे शासनालाही खरेदीनंतर पाच वर्षे झगडावे लागले, तेथे आपला काय पाड? घर कोणाचे, हा एक प्रश्न; त्या घरात काय करता येईल, हा दुसरा. भाड्याने देता येईल काय, देखभालीचा खर्च किती, आपल्या पश्चात वारसांस ते कसे मिळेल, हे सही करण्यापूर्वी तेथील स्वतंत्र वकिलास विचारावे. विकणाऱ्याने नेमून दिलेला वकील आपला नव्हे.

माझ्यापुरते सांगतो. मध्यस्थास नकार दिला. झेपेल तेवढीच रक्कम मुलास भेट म्हणून बँकेतून पाठविली व कागदावर त्याचे एकट्याचे नाव ठेविले. त्या घरावर माझा कसलाही हक्क नाही, हे समजून उमजून केले. उरलेली रक्कम आम्हा उभयतांच्या वृद्धापकाळासाठी येथेच आहे. मुलगा काही आठवडे रुसला होता. पुढे राखीव खात्याची पावती त्याने आपण होऊन आईस पाठविली.

बंधुभगिनींनो, मुलांवर विश्वास अवश्य ठेवा. पण कागद वाचण्याचे सोडू नका. कागद वाचणे म्हणजे अविश्वास नव्हे.