खांब आधी, रोप नंतर

(वसंत व्याख्यानमाला, कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

पत्रिकेत विषय ‘परसबागेतील वेली’ असा छापलाय. मी खांबावर बोलणार आहे. (हशा) संयोजक मला ओळखतात, त्यांनी चेहरा पाडू नये.

दोडका, कारलं, दुधी यांचा मांडव तुम्ही लहानपणापासून बघताय, तो सोडून देतो. माणग्याच्या काठ्या रोवल्या, तार ओढली की हंगाम निघतो. माझा वाद ड्रॅगन फ्रूटवाल्यांशी आहे. जत-आटपाडीच्या माळावर बागा झाल्या आणि त्या बघून आपल्याकडे बंगल्याबंगल्यांत रोपं आली. ही निवडुंगाची जात, वीसेक वर्षं टिकते. आधाराला मुळं चिकटवत चढते, वरच्या चकतीतून बाहेर पडून चौफेर लोंबते. एका खांबाला चार रोपं, म्हणजे पुढे दोन मणांच्या वर ओझं, आणि तेही सगळं माथ्याशी!

राजारामपुरीतल्या आमच्या एका स्नेह्यांनी गच्चीवर पिंपात रोप लावलं, आधाराला बांबू. मी म्हटलं, खांब घाला. तर म्हणाले, “रोप वीतभर, त्याला खांब कशाला?” पुढं बांबू कुजायला लागला, पण मुळांनी तो असा धरलेला की बदलायची सोय नाही. जूनमध्ये कळ्या आल्या. फूल रात्री उमलतं, म्हणून अख्ख्या गल्लीला जेवणानंतर आमंत्रण. वहिनींनी मसाला दूध केलं, सतरंज्या अंथरल्या. फूल उमललं, फोटो झाले आणि वारा सुटला. पिंपासकट सगळं गच्चीवरून शेजाऱ्यांच्या स्कूटरवर! (हशा) खाली कुणी नव्हतं म्हणून हसताय. त्या रात्री दूध प्यायलेले निम्मे इथंच बसलेत.

मागून कुणीतरी म्हणालं, खांबाला रोपापेक्षा जास्त पैसे जातात. जाऊ देत की! बंगल्याचा पाया काढताना हिशेब विचारला होता का?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बाहेर वळीवही आलाय. भराभर सांगतो. सिमेंटचा सात फुटी खांब, आत सळ्या, दोन फूट जमिनीत. आपली नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातला खांब दरसाल थोडा कलतो. म्हणून जमेल तिथं मुरूम लागेपर्यंत खणा. खड्डा भरताना तीच माती नको. दगड आणि मुरूम थराथरानं ठोका, ओळंबा लावून बघा. माथ्यावर सिमेंटची चकती. फांद्या चारी बाजूंना सारख्या सोडा, एकीकडे भार गेला की चांगला खांबही वाकडा होतो. गच्चीवर खांब कठड्याला पक्का जखडता येत नसेल, तर सरळ दोडका लावा.

जूनमध्ये लावणी करायची असेल तर रोपवाटिकेत जाण्याआधी गवंड्याला गाठा. खांब उभा राहिला की खांदा लावून रेटून बघा. हलला, तर रोप आणू नका.