शांताबाई आणि आपली सोसायटी
(महिला मेळाव्यातील भाषण)



महिला मेळाव्यात माझ्यासारख्या बँकेतल्या म्हाताऱ्याने बोलावं, हा कमिटीचा आग्रह. तेव्हा मी शांता शेळके यांच्याविषयी बोलतो. जन्म १९२२ चा, इंदापूरचा, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यातला. शाळा हुजूरपागा, कॉलेज स. प. पुढे अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये काम केलं, मग नागपूरला हिस्लॉप, मुंबईत रुईया अशी प्राध्यापकी. काही गाणी त्यांनी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. आमच्या घरी बरीच वर्षं आम्ही हे कुणी खरेच डॉक्टर समजत होतो!

लग्न केलं नाही. एकटी बाई म्हटली की आपण लगेच ‘बिचारी’ म्हणतो. बाईंना तर माणसांचा, गप्पांचा, पुस्तकांचा भारी सोस. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, २००२ साली गेल्या.

हे आज का सांगतोय? मी सेक्रेटरी असताना एका अविवाहित शिक्षिकेने इथे भूगावात, आपल्या सोसायटीत, फ्लॅट भाड्याने मागितला. “फॅमिलीलाच द्यायचा,” असं मीच म्हणालो. त्या रात्री घरी शांताबाईंच्या गाण्यांची कॅसेट चालू होती. हिने विचारलं, “आणि या आल्या असत्या तर?” मी गप्प. पुढच्या मीटिंगला विषय पुन्हा घेतला, पण तोवर त्यांनी पिरंगुटला जागा घेतली होती.

नंतर एकदा बाजारात भेटल्या. त्यांनीच हाक मारली, चहाला या म्हणाल्या. अजून गेलेलो नाही.