कान ठणकला की तेलाची वाटी बाजूला ठेवा

खांडबाऱ्याहून आम्ही बचत गटातल्या मैत्रिणी बोलतोय. आज बोलायचं आहे लेकरांच्या कानदुखीबद्दल.

दिवसभर सर्दीनं नाक गळत असतं, आणि मध्यरात्री लेकरू कान धरून रडत उठतं. बोलता न येणारं बाळ कान ओढतं, दुधाला तोंड लावतं आणि लगेच सोडून देतं. अशा वेळी घरात पहिली आठवण होते तेलाच्या वाटीची. लसूण टाकून तेल कडवायचं आणि कानात सोडायचं. कुणी अंगावरचं दूध पिळतं. आम्हीही हेच केलं. आमच्या आयांनीही मायेनंच केलं.

पण आमच्यातल्या एकीचं ऐका. ऊसतोडीला गुजरातेत असताना तिच्या चार वर्षांच्या मुलाचा कान दुखला. दोन रात्री तेल घातलं. तिसऱ्या पहाटे गोधडीवर पिवळं पाणी दिसलं आणि मूल शांत झोपलेलं. सगळे म्हणाले, घाण निघाली, बरं झालं. कान मात्र पावसाळ्यापर्यंत वाहत राहिला. पुढे शाळेत बाई हाक मारायच्या, तर तो वळून बघायचा नाही. ‘ऐकत नाही’ म्हणून आम्ही त्याला रागावलो, एकदा चापटही बसली. तपासल्यावर कळलं, त्याला ऐकूच कमी येत होतं.

म्हणून आज एवढं पक्कं धरा : ठणका थांबला म्हणजे कान बरा झाला, असं नाही.

कानाच्या आत एक पातळ पडदा असतो. पडद्यामागच्या जागेतून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी लवकर कानात शिरते. आत पू साठला की पडदा ताणतो आणि ठणका लागतो. पडदा फाटला की पू बाहेर येतो, ताण जातो, ठणका थांबतो. यालाच आपण ‘कान फुटला’ म्हणतो. फाटलेल्या पडद्यातून तेल, दूध, पाणी थेट आत जातं आणि कान चिघळतो. पडदा शाबूत असला, तरी तेल त्याच्या मागे पोचत नाही. तेल जास्त गरम असलं, तर भाजतं ते वेगळंच.

मग रात्री काय करायचं? लेकराला मांडीवर बसतं धरा किंवा डोकं उंच ठेवा. आडवं पडलं की ठणका वाढतो. सुती फडकं तव्यावर कोमट करा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा आणि कानाला बाहेरून शेका. पाणी, अंगावरचं दूध थोडं थोडं देत राहा.

दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल चालतं, पण मापानं. बाटली आधी वाचा. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं औषध १० किलोच्या मुलाला एका वेळी ५ मिली. २५० लिहिलेलं असेल, तर त्याच्या निम्मं. दोन वेळांत ६ तासांचं अंतर, दिवसरात्रीत ४ वेळांच्या वर नाही. वाचता येत नसेल, तर आशाताईंकडून वाचून घ्या. थेंबांची बाटली वेगळी आणि जास्त कडक असते, ती चमच्यानं पाजू नका. ॲस्पिरिन लहान मुलाला देऊ नका. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी औषध नको, सरळ दवाखाना.

कान वाहू लागला, तर तो कोरडा ठेवा. हात धुवा. धुऊन उन्हात वाळवलेल्या मऊ सुती कापडाची वात करा, कानात हलकेच ठेवा, भिजली की काढून टाका, नवी ठेवा. कान कोरडा होईपर्यंत असं दिवसातून ३ वेळा. काडी, पिन, चिमटा नको. कान बरा होईपर्यंत नदीत डुंबणं बंद. आणि ठणका थांबला असला, तरी डॉक्टरांना कान दाखवा.

आता या खुणा लक्षात ठेवा. कानामागे सूज येऊन कान पुढे आला, मान ताठली, तोंड एका बाजूला वाकडं झालं, झटके आले, उलट्या थांबत नाहीत किंवा मूल सुस्त पडलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. हा नंबर गुजरातेतही चालतो, ऊसतोडीच्या पडावावरूनही. दोन दिवसांत दुखणं उतरलं नाही, ताप चढला किंवा दोन्ही कान दुखत असले, तर खांडबाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, तर सांगितलेले सगळे दिवस द्या.

अंगणवाडीत आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. बाळाला झोपवून बाटली देऊ नका. चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून लांब ठेवा. न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने अशी वेळेवर द्या.

आमच्या त्या पोराला आता बाई पहिल्या बाकावर बसवतात. आम्ही त्याच्यासमोर बसून, तोंडाकडे बघू देत बोलतो. तुमचं लेकरू हाकेला ओ देत नसेल, तर रागावण्याआधी त्याचा कान तपासून घ्या.