अंगाला कळत नाही

(परळ इथं गिरणी कामगारांच्या सभेत आम्ही केलेलं भाषण)



आम्ही तारापूरकडच्या पाड्यांवरून आलो. १९६९ पासून तिथं अणुवीज तयार होते. लोक विचारतात, तुम्ही जंगलातली माणसं, वाऱ्याच्या वासावरून पाऊस सांगता, मग किरण अंगावर आले तर कळत नाही का? नाही कळत. आम्हाला नाही, साहेबालाही नाही.

याच परळात टाटा हॉस्पिटलात आमची आत्या कोबाल्टच्या मशिनखाली झोपली होती. बाहेर येऊन म्हणाली, "मशीन बंद होतं का रे? चटका नाही, काही नाही." दोन-तीन आठवड्यांनी तिथली कातडी काळी पडली, सोलायला लागली. ते औषध होतं, मोजून दिलेलं. पण ते बसत होतं तेव्हा अंग गप्पच होतं. (ते हॉस्पिटल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, हे परळकरांनाही ठाऊक नसतं.)

माणूस मरेल एवढे किरण सगळ्या अंगात मुरले, तरी अंग तापतं अंशाच्या हजाराव्या हिश्शानं. गरम चहाच्या एका घोटात असते तेवढीच ऊब. ती कातडीला काय कळणार? पण आत पेशी तुटलेल्या असतात. उलट्या होतात त्या मागाहून, काही तासांनी.

१९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारवाल्यांनी बंद दवाखान्यातलं असंच एक मशीन फोडलं. आतली पूड रात्री निळी चमकायची. लोकांनी ती घरी नेली, अंगाला चोळली. उलट्या झाल्या तर म्हणाले, खाण्यात काही आलं असेल. एका बाईला संशय आला, तिनं ती वस्तू पिशवीत घालून, बसमधून आरोग्य खात्याकडे नेली. चार माणसं मेली, त्यांत तीही.

तुमच्या कार्डिंग खात्यात कापसाची धूळ निदान नाकात जायची, खोकला यायचा. इथं तेही नाही. इथं फक्त आकडा. ठेक्यावर आत जाणाऱ्या मजुराच्या छातीवर बिल्ला असतो. पूर्वी त्यात फिल्म असायची, ती किरणांनी काळी पडायची. तीही मागाहून धुऊन बघत.

म्हणून आमची मागणी आहे: प्रत्येक मजुराला त्याचा आकडा, त्याच्या नावानं, मराठीत, हातात द्या. ठेका संपला तरी द्या. आम्ही पाड्यावर एक वही घातली आहे. कोण आत गेला, किती दिवस, बिल्ला होता का, आकडा किती. शेवटचा रकाना अजून रिकामा आहे.

जिंदाबाद.