शुद्धीवर आल्यानंतरचे दिवस

(स्थूलतेवरील शस्त्रक्रिया होणार असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण. विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून ते या अहवालात समाविष्ट करीत आहोत.)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, खरेदी, मनुष्यबळ आणि तक्रारवही हे माझे क्षेत्र. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि आज जे सांगणार आहे ते आमच्या शल्यविशारदांनी व भूलतज्ज्ञांनी तपासून दिलेले आहे. तरीही हे भाषण मी करावे असा त्यांचाच आग्रह होता. याचे कारण एवढेच की, माझ्या धाकट्या बहिणीवर ही शस्त्रक्रिया याच रुग्णालयात झाली आणि त्या दिवशी मी माझ्या कार्यालयात नव्हतो; शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर तुमच्यासारखाच बसलो होतो.

त्या बाकावर बसल्यावर मला प्रथमच उमगले की, आम्ही नातेवाइकांना खर्चाचे अंदाजपत्रक देतो, संमतीपत्रावर सह्या घेतो, परंतु माणूस शुद्धीवर येताना कसा दिसेल हे कोणी सांगत नाही. मेहुणे तर आत पाहून आले आणि घाबरून म्हणाले, "दादा, ती थरथरते आहे. काहीतरी बिघडलंय." काहीही बिघडले नव्हते. भूल उतरताना शरीराला हुडहुडी भरणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. शस्त्रक्रियागृह थंड असते आणि भुलीच्या औषधांमुळे शरीराचे तापमान काहीसे उतरलेले असते. गरम पांघरूण घातले की ती थांबते.

रुग्णाला प्रथम ऐकू येते ते त्याचे नाव. परिचारिका नावाने हाक मारतात, डोळे उघडायला सांगतात, हात दाबायला सांगतात. मधल्या दोन-तीन तासांचा हिशेब त्याच्यापाशी नसतो. 'अजून सुरू नाही झालं का?' असे विचारणारे कित्येक आहेत. घसा खवखवतो, कारण श्वासासाठी घातलेली नळी नुकतीच काढलेली असते. तोंड कोरडे पडते, मळमळते. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क असतो, दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा ठरावीक वेळाने आपोआप आवळतो, आणि पायांना गुंडाळलेल्या पिशव्या हवेने फुगतात व सैल होतात. पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून ती योजना असते. उशाकडची बाजू उंच ठेवलेली असते. बोलणे अडखळते, तोच प्रश्न तीनदा विचारला जातो. आपण तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे उत्तर द्यावे.

एक दुखणे मात्र सर्वांनाच कोड्यात टाकते. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखतो खांदा! दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना आत नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातील थोडा मागे राहतो, श्वासपटलाला डिवचतो, आणि त्या मज्जातंतूची वेदना खांद्यात उमटते. चालल्यावर, कूस बदलल्यावर दोन-तीन दिवसांत ती ओसरते.

घोरण्याचा व झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्या रुग्णांवर पहिल्या रात्री विशेष लक्ष ठेवले जाते, कारण भूल आणि वेदनाशामक औषधे श्वास आणखी मंद करू शकतात. घरी श्वासाचे यंत्र वापरत असाल तर ते मास्कसह सोबत आणावे. माझ्या बहिणीचे यंत्र घरीच राहिले होते आणि मेहुण्यांना रात्री नऊ वाजता परत जावे लागले. रुग्णाने आणावयाच्या वस्तूंची यादी माझ्याच सहीने छापली जाते. तिच्यात त्या यंत्राचा उल्लेख नव्हता. तो आता आहे.

त्याच संध्याकाळी रुग्णाला उठवून चालवतात. नातेवाइकांची सर्वांत जास्त तक्रार याच गोष्टीची येते. 'माणूस अर्धवट शुद्धीत, आणि तुम्ही त्याला फरफटता?' असे एका गृहस्थांनी तक्रारवहीत लिहिले आहे. त्यांचा कळवळा मला समजतो. परंतु पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर ते जिवावर बेतते, आणि त्यावर चालण्यासारखा उपाय नाही. तसेच ते तीन रंगीत गोळ्यांचे साधन. बहुतेक जण त्यात फुंकर मारतात. हवा आत ओढून गोळ्या वर उचलावयाच्या असतात, म्हणजे फुप्फुसांचा तळ उघडतो. तासातासाला आठवण करून देणे हे काम नातेवाइकांनी आनंदाने आपल्याकडे घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करू नका. सलाइनमुळे ते कदाचित वाढलेले भरेल आणि विनाकारण रडारड होईल.

आता पिण्याविषयी. परवानगी मिळाल्यावर औषध द्यावयाच्या लहान पेलीतून, सुमारे ३० मिलिलिटर द्रव पंधरा मिनिटांत, घोट घोट घ्यावयाचे. ताशी १२० मिलिलिटर झाले. दिवसाचे दीड लिटर पुरे करावयाचे तर साडेबारा तास लागतात! हा हिशेब मी बहिणीच्या खाटेशेजारी बसून केला आणि मग मला कळले की, पहिले काही आठवडे पाणी पिणे हीच रुग्णाची नोकरी असते. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून एक अरुंद नळी ठेवतात. बायपासमध्ये वर जेमतेम पेलीएवढी पिशवी राखून ती पुढे लहान आतड्याला जोडतात. घटाघटा प्यायलेले पाणी तेथे मावतच नाही. शिवाय भुकेची जाणीव बरीच मंदावते, त्यामुळे प्यायचे राहून जाते आणि शरीर कोरडे पडते.

आधी पेजेची निवळ, गाळलेले वरणाचे पाणी, शहाळे. मग ताक, दूध, प्रथिनांची भुकटी घातलेले द्रव. साधारण दोन आठवड्यांनंतर घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण, असा क्रम असतो. नेमके दिवस आहारतज्ज्ञ ठरवतात. ताटात प्रथम प्रथिने, दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा अधिक. जेवताना पाणी नाही. घास बारीक चावून. पोळी आणि मोकळा भात यांना मात्र फार घाई करू नये.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या संध्याकाळी आमची आई डबा घेऊन आली. वय ऐंशीच्या पुढे. डब्यात साजूक तुपातला शिरा. "दोन दिवस पोटात काही नाही पोरीच्या. एक चमचा दे ना." आहाराच्या तक्त्यांवर ज्याची सही असते तो मी, आईपुढे गप्प उभा राहिलो. नुकत्याच शिवलेल्या जठरावर घट्ट अन्न म्हणजे काय, हे मला पाठ होते. पण आईला 'नको' म्हणण्याचे धैर्य झाले नाही. परिचारिकेने डबा उचलून माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "साहेब, हा तुम्ही खा." आई महिनाभर माझ्यावर रुसली होती, परिचारिकेवर नव्हे.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे प्रेम ताटातून वाढले जाते. 'एवढंसंच खाल्लंस?' हा प्रश्न आपण मायेने विचारतो आणि रुग्णाला तो रोज टोचतो. तिसऱ्या आठवड्यात बहिणीने मला फोनवर विचारले, "दादा, मी हे कशाला करून घेतलं?" ती थकली होती, पंगतीत बसवत नव्हते, वजनही त्या आठवड्यात तसूभर हलले नव्हते. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की, हा पश्चात्तापाचा काळ पुष्कळांना येतो आणि वजनाचा काटाही मधूनमधून असा अडून बसतोच. उदासी आठवडे लोटूनही हटत नसेल तर मात्र ती लपवू नये. तिच्यावरही उपचार आहेत.

घरी गेल्यावर कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये, ते स्पष्ट सांगतो. नाडी सतत १२० च्या आसपास किंवा वर राहणे, ताप, धाप लागणे, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, एका पोटरीला सूज व दुखणे, काळी शौच. टाक्यांच्या रेषेतून गळती क्वचित होते, पण होते, आणि कित्येकदा तिची पहिली खूण वाढलेली नाडीच असते. अशा वेळी 'सकाळी बघू' म्हणू नये. तसेच, दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल तर तेही दुखणे अंगावर काढू नये. सततच्या उलट्यांमुळे ब-१ जीवनसत्त्व संपले तर मेंदूला व नसांना कायमची इजा होऊ शकते.

मधुमेहाच्या रुग्णांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांतच, खाली येऊ लागते. जुन्या मात्रेने इन्सुलिन दिले तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. डिस्चार्जच्या कागदावरील नवी मात्राच द्यावी, जुनी चिठ्ठी बाजूला काढावी. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणू नयेत. विशेषतः बायपासनंतर त्यांनी जोडावर व्रण होतो. तंबाखूनेही होतो. बायपासनंतर गोड खाल्ल्यास घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. कळशी, सिलिंडर, नातवंडे उचलणे महिना-दीड महिना वर्ज्य. बैठे काम करणारे साधारण दोन-तीन आठवड्यांत कामावर परततात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात. बहुतेकांचे पुन्हा येतात.

सुनेची शस्त्रक्रिया झाली असेल तर सासूबाईंना एक विनंती. निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावयाची असते. वजन उतरल्यावर ती सहज होण्याचा संभव वाढतो, म्हणून डॉक्टरांशी आधी बोलावे. या काळात 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न घरात निघू नये.

आता देणगीदारांशी दोन शब्द. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या विमा नियामकाच्या नियमांनुसार ही शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही. बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ असून हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असे गंभीर विकार असल्यास, व अन्य उपाय फसलेले असल्यास, दावा करता येतो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, त्या आपण ठेवतो. म्हणजे खाटेपर्यंत पोहोचण्याच्या वाटा आहेत. परंतु या रुग्णाला ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते आणि रक्ताच्या चाचण्या नियमाने कराव्या लागतात. त्या खर्चाला कोणत्याही खात्यात शीर्षक नाही.

आपल्याच एका रुग्ण भगिनीचे उदाहरण देतो. शेतमजुरी करणाऱ्या, पूर्ण शाकाहारी. बायपास उत्तम पार पडली, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. त्यांचा फोटोही आम्ही या अहवालासाठी मागितला होता. पुढे त्या तपासणीला येईनाशा झाल्या. येण्या-जाण्यात दिवसाची मजुरी बुडे, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणजे श्रीमंतांचे टॉनिक अशी घरच्यांची समजूत. दोन वर्षांनी त्या मुलाच्या खांद्याला धरून आल्या. पाय बधिर, अंधारात तोल जात असे. ब-१२ ची तीव्र कमतरता. इंजेक्शने सुरू झाली, चाल सुधारली. डाव्या पावलाची बधिरता अद्याप गेलेली नाही.

त्या दिवशी मी त्यांचे खाते काढून पाहिले. सर्व रकमा वसूल, येणे बाकी शून्य, खाते बंद. तीस वर्षे मी असे खाते पाहून समाधान पावत आलो आहे. ते बंद करणारी सही माझीच होती.

त्यानंतर आम्ही एक नोंदवही सुरू केली. ज्याची तपासणीची तारीख टळली त्याला आठवड्याच्या आत फोन जातो, पहिली दोन वर्षे परिचारिकेकडून व नंतर कार्यालयातून. फोन करणे फुकट आहे; पण 'भाड्याला पैसे नाहीत' असे पलीकडून उत्तर आले की आमचा माणूस निरुत्तर होतो. म्हणून विश्वस्तांपुढे प्रस्ताव ठेवला आहे की, गरजू रुग्णांच्या औषधांसाठी, चाचण्यांसाठी आणि एसटीच्या भाड्यासाठी स्वतंत्र निधी असावा. शस्त्रक्रियागृहातील यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, ब-१२ च्या गोळीवर लावता येत नाही, हे मी जाणून आहे.

माझी बहीण आज सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. चहापानानंतर ती थांबणार आहे. ज्या गोष्टी डॉक्टरांना विचारावयास संकोच वाटतो त्या तिला विचाराव्यात. तिने तशी परवानगी दिली आहे. निधीसाठी नावे लेखा विभागात सायंकाळी पाच वाजेपर्यंत नोंदवता येतील, पावती लगेच मिळेल. आणि ज्यांच्या घरी येत्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे त्यांनी जाताना सुधारित यादीचा कागद न विसरता घ्यावा.