आपत्ती म्हणजे देवाची शिक्षा का?



आजचा प्रश्न असा: भूकंप, पूर, दुष्काळ, त्सुनामी यांच्या मागे देवाचा काही हेतू असतो का? ख्रिस्ती श्रद्धा याबद्दल काय सांगते? मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी लांबून पाहण्याचा नाही. आमच्याच मंडळींमध्ये मी त्याची तीन-चार उत्तरं ऐकली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

मी तिरुवलंचुळीहून बोलते आहे. कुंभकोणमपासून हे गाव पाच-सहा किलोमीटरवर, स्वामीमलैच्या जवळ आहे. इथे शंकराचं जुनं देऊळ आहे, आणि समुद्राच्या फेसापासून घडला अशी श्रद्धा असलेला पांढरा गणपती आहे. गावाच्या नावातच कथा आहे. 'वलम्' म्हणजे उजवीकडे, 'चुळी' म्हणजे भोवरा किंवा वळसा. कथा अशी, की वाहती कावेरी इथे एका विवरात शिरली आणि नाहीशी झाली. शेतं कोरडी पडली. तेव्हा हेरंड नावाच्या ऋषींनी त्या विवरात स्वतःला झोकून दिलं आणि नदी उजवं वळण घेऊन पुन्हा वाहू लागली. शेजारच्या कुंभकोणमचं नावही आपत्तीवरूनच आलं आहे. प्रलयाच्या पाण्यात सृष्टीची बीजं असलेला कुंभ तरंगत आला आणि इथे टेकला, असं सांगतात.

बायबल वाचणाऱ्याला इथे नोहाचं तारू आठवतंच. दोन्ही कथा वेगळ्या आहेत, त्यांचा अर्थ वेगळा आहे, त्या एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिरुवलंचुळीच्या कथेत नदी कोणाच्या पापामुळे गेली, याचा शोध घेण्यात कोणी वेळ घालवत नाही. प्रश्न एवढाच आहे, की आता कोण काय करणार? हे वेगळेपण ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता इथून पूर्वेला चला. डेल्टा संपतो तिथे नागपट्टिणम आणि त्याच्या दक्षिणेला वेलांकण्णी. वेलांकण्णीच्या आरोग्यमातेच्या देवळात सगळ्या धर्मांची माणसं नवस फेडायला येतात. मुंबई-वसईहूनही भाविक जातात. २६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला. त्याची तीव्रता ९.१ होती. तळाची सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली. साधारण अडीच तासांनी पाणी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलं. राज्यात जवळपास ८ हजार माणसं गेली, त्यांतली ६ हजारांहून जास्त एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. वेलांकण्णीच्या वाळूवर शेकडो यात्रेकरू वाहून गेले.

देवळात मात्र पाणी शिरलं नाही. आत उपासनेला बसलेले लोक वाचले. लगेच शब्द पसरला: चमत्कार!

वाचलेल्या माणसाने गुडघे टेकून आभार मानले, तर त्याला नावं ठेवणारी मी कोण? आभार मानणं ही त्याची गरज आहे, त्याचा हक्क आहे. पण तोच शब्द दुसऱ्याने, सुरक्षित जागी बसून, सिद्धांत म्हणून मांडला की त्याला दुसरी बाजू फुटते. आत होते ते देवाने वाचवले, तर वाळूवर होते त्यांचं काय? तीही यात्रेकरूच होती. त्यांच्यातही मुलं होती. आणि शेजारच्या मच्छीमार वस्तीतली बाई, जिने मूल गमावलं, तिला या चमत्काराचा अर्थ काय सांगायचा? देव तुझ्या दारावरून पुढे गेला, असं?

आजच्या बोलण्यातला खरा प्रश्न हाच आहे. आपत्तीचा अर्थ आपण सांगतो तेव्हा तो कोणाच्या तोंडावर सांगतो आहोत?

मग पवित्र शास्त्र काय म्हणतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर ते एकच गोष्ट म्हणत नाही. जुन्या करारात जलप्रलय आहे, मिसर देशावरच्या पीडा आहेत. नगरावर अरिष्ट येतं ते परमेश्वराच्या हातूनच, असं आमोस संदेष्टा ठणकावून सांगतो. ही पानं झाकून ठेवून देव नुसता गोड आहे असं सांगणं खोटेपणाचं होईल.

पण ती पानं नीट वाचा. संदेष्टा बहुतेक वेळा अरिष्टाच्या आधी बोलतो. तो आपल्याच लोकांना बोलतो. तो राजाला, सावकाराला, खोटं माप वापरणाऱ्या व्यापाऱ्याला बोलतो, आणि बोलण्याची किंमत स्वतः मोजतो. योनाच्या पुस्तकात तर निनवेचे लोक वळतात आणि ठरलेलं अरिष्ट टळतं. संदेष्टाच त्यावर रुसून बसतो. म्हणजे इशाऱ्याचा हेतू माणूस वाचावा हा आहे. पाणी ओसरल्यावर, दुसऱ्याच्या गावात, मेलेल्यांकडे बोट दाखवून सांगितलेला अर्थ या परंपरेत बसत नाही. आणि नोहाच्या कथेचा शेवट काय आहे? पुन्हा प्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही, असं देव वचन देतो आणि मेघधनुष्य त्याची खूण म्हणून ठेवतो.

त्यानंतर ईयोब. त्याची मुलं वादळाने पडलेल्या घराखाली गेली, गुरंढोरं गेली, अंगाला फोड आले. मित्र आले. सात दिवस ते गप्प बसले, तेवढं त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि सांगितलं, तुझं काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग होतो तो या मित्रांवर. देवाची बाजू मांडायला निघालेल्यांनाच देव चुकीचं ठरवतो! ईयोबाला मात्र 'का?' याचं उत्तर मिळत नाही. ते आपल्यालाही मिळत नाही. मी ते आज देणार आहे असा तुमचा समज असेल, तर तो आत्ताच काढून टाका.

नव्या करारात प्रश्न थेट येशूपुढे येतो. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू स्वतःच तो विषय काढतो: ती अठरा माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती, असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. मात्र लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, की तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा. म्हणजे बोट मेलेल्यांकडे जात नाही, ऐकणाऱ्याकडे येतं. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? तिथेही येशू दोन्ही नाकारतो, आणि पुढच्या क्षणी त्या माणसाच्या डोळ्यांसाठी काम सुरू करतो.

कोणी म्हणेल, शेवटच्या काळात भूकंप होतील असंही लिहिलंच आहे की. लिहिलं आहे, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात. पण तिथेच घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असंही आहे. दर भूकंपानंतर तारखा काढत बसणाऱ्यांनी तो भागही वाचावा.

इतिहासात ही कसोटी ख्रिस्ती जगाला फार मोठ्या प्रमाणावर द्यावी लागली. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. गोव्याचा कारभार जिथून चालायचा त्या लिस्बन शहरात देवळं भरलेली होती. भूकंप झाला, मग समुद्र चढला, मग आग लागली. माणसं देवळांतच दबून मेली. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने लिहिलं, की हा देवाचा कोप आहे; बांधकामाच्या मागे लागण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्या. मंत्री पोंबालने दुसरी वाट धरली. मृतांची व्यवस्था लावली, शहर नव्याने आखलं, आणि गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली: हादरा किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, किती माणसं गेली? भूकंपशास्त्राची एक सुरुवात त्या कागदांत आहे, आणि त्यांची उत्तरं लिहिली धर्मगुरूंनीच. पोंबाल संत नव्हता. मालाग्रिदाला पुढे १७६१ मध्ये जी शिक्षा झाली ती क्रूर होती. पण प्रश्नावली योग्य होती.

आपल्याकडेही हा वाद झाला, आणि तो ख्रिस्ती लोकांपुरता नव्हता. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर याच तमिळ मुलखात होते. तिरुनेलवेलीला ते म्हणाले, की हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं होतं, की निसर्गाच्या घटनांना नीतीचा हिशेब लावला तर विरोधकही तोच हिशेब उलटा मांडतील. गांधीजींनी ते पत्र स्वतःच्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि उत्तरही दिलं. अस्पृश्यता पाप होती, यात दोघांत मतभेद नव्हता. पण बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्य मानलेली माणसंही होतीच ना? शिक्षा त्यांनाही का? गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून मी इथे रवींद्रनाथांच्या बाजूने आहे.

मराठी माणसाला किल्लारी आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. जवळपास १० हजार माणसं गेली. मारलं कशाने? जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदं, यांनी. तेवढ्याच ताकदीचा भूकंप नीट बांधलेल्या घरांच्या गावात इतके जीव घेत नाही. त्सुनामीच्या वेळीही भूकंप आणि लाट यांच्यात अडीच तास होते. निरोप देणारी यंत्रणा नव्हती. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. जमीन हलणं आपल्या हातात नाही, पण भिंत आणि निरोप आपल्या हातात आहेत. जे आपल्या हातात होतं ते देवाच्या नावावर घालणं, याला मी भक्ती म्हणत नाही.

याच तंजावरच्या मराठी राज्यात एक उदाहरण घडलं आहे. श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री इथे राहायचा. १७८० नंतर हैदर अलीच्या स्वारीत मुलूख उजाड झाला, तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. ही आपत्ती माणसांनी आणलेली होती, पण भूक भूकच असते. धान्य आणायला बैल हवे होते, आणि लोकांचा दरबारावर भरवसा उरला नव्हता, कारण पैसे मिळतील याची खात्री नव्हती. श्वार्ट्झने शब्द दिला, तेव्हा बैल आले, धान्य आलं, आणि लोकांचे पैसे चुकते झाले. त्याने आधीच विकत घेऊन ठेवलेला तांदूळही वाटला गेला. खाणाऱ्यांना धर्म विचारला गेला नाही. पुढे तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याच पाद्रीच्या देखरेखीखाली ठेवला. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला. त्याच्या अखेरच्या घटकेचं, उशाशी सरफोजीराजे असलेलं संगमरवरी शिल्प आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. दुष्काळाचा अर्थ सांगणारं त्याचं एखादं प्रवचन इथल्या कोणाला आठवत नाही. तांदूळ आठवतो.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. घरात व्रतं, दानधर्म, तीर्थयात्रा, पुराणकथन, कशातच कसूर नव्हती. तरीही १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली. या बाईंना दुष्काळावर बोलायचा अधिकार होता. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. हा दुष्काळ कोणाच्या पापाचा, हे त्या मुलींना विचारायला त्या गेल्या नव्हत्या.

म्हणून माझं उत्तर असं. निसर्गाची आपत्ती हे देवाने कोणाच्या नावावर पाठवलेलं पत्र आहे, असं मी मानत नाही. ऊन आणि पाऊस चांगल्या-वाईट सगळ्यांवर पडतो, असं येशूने सांगितलं. लाटेलाही तेच लागू आहे. एलीया डोंगरावर उभा होता तेव्हा वारा आला, भूकंप आला, अग्नी आला, आणि परमेश्वर त्या तिघांतही नव्हता, असं शास्त्र सांगतं. नंतर जो मंद स्वर आला, त्यात तो होता. मी त्या स्वराचा अर्थ असा घेते: आता तू काय करणार?

'देवाने हे थांबवलं का नाही?' हा प्रश्न याने सुटत नाही. तो मी उपासनेत दर वेळी बरोबर घेऊन बसते. ख्रिस्ती माणसापाशी त्यावर युक्तिवाद नाही. क्रुसावरचा देव आहे, जो स्वतःच 'का' असं ओरडला. ज्याला हे पुरेसं वाटत नाही, त्याच्याशी मी भांडणार नाही.

पण एक विनंती करते, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. पुढचा पूर येईल, पुढचं वादळ येईल. तुमच्या फोनवर कोणीतरी लिहून पाठवेल, की त्या गावाला त्यांच्या कर्माची फळं मिळाली. तो निरोप पुढे पाठवू नका. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं ते करा, आणि जाताना तांदूळ घेऊन जा.