कॅमेऱ्यातील आरशाचे भवितव्य

भिंगातून जे दिसते तेच नेमके छायाचित्रात उतरावे, ही छायाचित्रकाराची अपेक्षा साधी वाटते; परंतु ती पुरी करण्यासाठी फार खटपट करावी लागली. भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडावा, तेथून लोलकात शिरून डोळ्यापर्यंत पोहोचावा, आणि कळ दाबताच आरशाने वर उचलले जाऊन प्रकाशाला वाट द्यावी, अशी ही योजना. 1959 साली जपानच्या निकॉन कंपनीचा ‘निकॉन एफ’ आला आणि व्यावसायिकांत या जातीच्या कॅमेऱ्याचा दबदबा वाढला. 1991 मध्ये कोडॅकने निकॉनच्याच कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर बसविला. फिल्म गेली, आरसा मात्र राहिला. हाच डीएसएलआर.

वास्तविक, फिल्म गेली तेव्हाच आरशाची गरज सरत आली होती. फिल्मवरील प्रतिमा धुतल्यावाचून दिसत नसे. सेन्सर ती तत्क्षणी पडद्यावर दाखवू शकतो. मग मध्ये आरसा हवा कशाला? 2008 साली पॅनासॉनिकने भिंगे बदलता येणारा बिनआरशाचा ‘जी1’ विक्रीस आणला. आरंभी अशा कॅमेऱ्यांत धावत्या वस्तूवर फोकस साधण्यास विलंब लागे, म्हणून जाणकार साशंक होते. तथापि 2013 मध्ये सोनीने 35 मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा बिनआरशाचा कॅमेरा काढला, आणि 2018 मध्ये कॅनन व निकॉन यांनीही तीच वाट धरली. 2020 साली जपानी कंपन्यांनी बाजारात पाठविलेल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची संख्या डीएसएलआरपेक्षा अधिक भरली. 2021 मध्ये पेंटॅक्सने आरशाचा नवा कॅमेरा काढून जुनी निष्ठा राखली खरी. पण ओघ फिरला होता.

याची कारणे उघड आहेत. आरशाला हलण्यास जागा लागते. निकॉनच्या जुन्या रचनेत भिंगाचे बूड सेन्सरपासून 46.5 मिलिमीटर दूर असे. नव्या रचनेत ते अंतर 16 मिलिमीटरवर आले. सेन्सर स्वतःच माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस साधतो, आणि चित्र उजळ येणार की काळवंडणार हे कळ दाबण्यापूर्वीच दिसते. उलट, पडद्याला सतत वीज लागते, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. आरशातून दिसणारा प्रत्यक्ष प्रकाश विजेवाचूनही डोळ्याला भेटतो; हे सुख नव्या यंत्रात नाही.

मग पोटाला चिमटा घेऊन ज्याने डीएसएलआर आणि चार भिंगे जमविली, त्या छोट्या स्टुडिओवाल्याने काय करावे? त्याचे खरे भांडवल भिंगांत आहे. अडॅप्टर लावून कॅननची वा निकॉनची बहुतेक जुनी भिंगे त्या त्या कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर चालतात. नवी भिंगे जुन्या कॅमेऱ्यावर मात्र चालत नाहीत. निकॉनच्या ज्या जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नाही, त्यांचा फोकस निकॉनच्या अडॅप्टरवर हातानेच साधावा लागतो, हेही आधी तपासावे. म्हणून, हातचा कॅमेरा नीट चालतो तोवर केवळ देखादेखीने कर्ज काढू नये. तो थकला की मग बिनआरशाचा घ्यावा आणि भिंगे राखावीत.

कंपन्यांपुरता आरशाचा निकाल लागला आहे. घरोघरच्या कॅमेऱ्यांचा निकाल मात्र ज्याने त्याने आपले काम आणि आपली मिळकत पाहून लावावयाचा आहे. लग्नातले चित्र हाती घेणारी वधूमाता कॅमेऱ्यात आरसा होता की नव्हता, हे विचारीत नाही. लेकीचा चेहरा नीट आला आहे ना, एवढेच ती पाहते.